‘अवघड’ पेशंटांची शिकवणी

1970च्या दशकाच्या अखेरीस सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन आजूबाजूच्या हॉस्पिटलांकडे एक चमत्कारिक मागणी करत होत्या. तुमच्याकडचे सगळ्यात अवघड पेशंट मला द्या. वारंवार जीव द्यायला निघालेले, स्वतःला इजा करून घेणारे, चार डॉक्टर बदलून पाचव्याकडे आलेले. अशा पेशंटांना नको म्हणणारेच जास्त असतात. मागून घेणारं कोणी भेटल्यावर हॉस्पिटलांनी ते खुशीने पाठवले.

लिनेहन यांचं शिक्षण वर्तनोपचाराचं. समस्या नेमकी काय ते शोधायचं, ती टिकून का राहते ते पाहायचं आणि वागणं टप्प्याटप्प्याने बदलायचं. फोबियावर, बुजरेपणावर ही पद्धत उत्तम चालत होती. इथे ती सपशेल आपटली. ‘तुला हे बदलता येईल’ असं म्हटलं की पेशंटच्या कानावर पडे, ‘म्हणजे चूक तुझीच.’ कोणी रागावून निघून जाई, कोणी तोंडच मिटून घेई. मग लिनेहन यांनी दुसरं टोक धरलं. बदलाचं नाव काढायचं नाही. फक्त ऐकायचं, समजून घ्यायचं, दुःखाला मान द्यायचा. तेही फसलं. मी इथे मरतेय आणि तुम्ही नुसत्या माना डोलावताय, असा त्यावरचा सूर.

डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, या दोन फसलेल्या प्रयोगांतून उभी राहिली. तू आज अशी वागतेस त्याला कारण आहे, आणि तरीही तुला बदलावं लागेल. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही एकाच तासात बोलायच्या. हा तर द्वंद्ववाद, म्हणजे डायलेक्टिक्स, झाला, हे लिनेहन यांना सांगितलं त्यांच्या सेक्रेटरीने. तिचा नवरा मार्क्सवादी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक होता. हेगेल आणि मार्क्स मानसोपचाराच्या खोलीत शिरले ते असे मागच्या दाराने.

लिनेहन यांच्याकडे आलेल्या बऱ्याच पेशंटांना जे निदान मिळालं ते होतं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. ‘बॉर्डरलाइन’ हे नाव 1938मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी रुळवलं आणि 1980मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हा आजार अधिकृतपणे दाखल झाला. आजच्या पुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत, त्यांपैकी किमान पाच जुळावी लागतात. आपल्याला सोडून जातील या भीतीने केलेली जिवाची धडपड. आज देवाच्या जागी बसवलेला माणूस उद्या शत्रू वाटणं. मी नेमकी कोण, याचाच पत्ता नसणं. पैसा, खाणं, दारू, गाडी चालवणं यांत बेफाम होणं. स्वतःला इजा किंवा जीव देण्याच्या धमक्या आणि प्रयत्न. तासागणिक पालटणारा मूड, आत कायमची पोकळी, न आवरणारा राग, आणि ताण फार वाढला की आपण आपल्यात नाहीच असं वाटणं किंवा सगळे आपल्या विरोधात आहेत असा संशय. साधारण शंभरात एक-दोन माणसांना हा त्रास असतो. उपचाराला येणाऱ्यांत बायका जास्त दिसतात. समाजात जाऊन केलेल्या पाहण्यांत मात्र स्त्री-पुरुष प्रमाणात तेवढा फरक आढळलेला नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ही यादी वाचून नणंदेचं, सुनेचं किंवा जुन्या प्रेयसीचं निदान करायचा मोह होतो. तो आवरावा. रागीट माणूस म्हणजे बॉर्डरलाइन नव्हे आणि प्रेमभंगानंतरचे सहा महिनेही नव्हेत. किशोरवयाच्या आसपास सुरू होऊन वर्षानुवर्षं, घरी-दारी, नोकरीत-नात्यांत सगळीकडे दिसणारा हा साचा असतो. बायपोलर आजाराशीही त्याची गल्लत होते. बायपोलरमध्ये मूडची लाट दिवस-आठवडे टिकते. इथे सकाळी हसत निघालेली मुलगी दुपारपर्यंत उद्ध्वस्त असते आणि बहुतेक वेळा त्यामागे कुणाचा तरी एक शब्द असतो.

या पेशंटांचं उपचार करणाऱ्यांच्या वर्तुळातही वाईट नाव होतं. नाटकी, कावेबाज, लक्ष वेधून घेणारे, डॉक्टरांचा अंत पाहणारे. उपचार अर्ध्यावर सोडले की म्हणायचं, पेशंटलाच बरं व्हायचं नव्हतं. लिनेहन यांचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम हे की त्यांनी हा आरोप उलटा फिरवला. डीबीटीच्या गृहीतकांत स्पष्ट लिहिलं आहे की या उपचारात पेशंट नापास होऊ शकत नाही. गुण आला नाही तर उणीव थेरपीत, नाहीतर ती देणाऱ्यात. त्याच्याच शेजारी दुसरं, तितकंच कडक गृहीतक आहे: आपल्या सगळ्या समस्या पेशंटने स्वतः निर्माण केल्या नसतील, तरी त्या सोडवायच्या त्यालाच आहेत.

मग बिघडतं काय? लिनेहन यांची मांडणी दोन भागांत आहे. काही मुलं जन्मतःच भावनांच्या बाबतीत हळवी असतात. भावना चटकन उसळते, खूप वर जाते आणि खाली यायला फार वेळ घेते. अंगभर भाजलेल्या माणसाला साधा स्पर्शही सोसत नाही, तशी या माणसांची भावनिक कातडीच नसते, असं त्या सांगत. जुळ्यांच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा निघाला आहे. दुसरा भाग भोवतालचा. मुलाला जे आत जाणवतंय ते खोटं, फाजील किंवा लाजिरवाणं ठरवणारं घर. काही घरांत तो छळ असतो, लैंगिक अत्याचारही असतो. पण कित्येकदा घर चारचौघांसारखंच, प्रेमळही असतं, फक्त तिथली वाक्यं अशी असतात: ‘एवढ्या-तेवढ्यावर रडायचं नाही.’ ‘तुला काय कमी आहे?’ ‘झाली हिची नाटकं सुरू.’ शांत स्वभावाच्या मुलाला ही वाक्यं फारशी लागत नाहीत. हळवं मूल त्यातून दोन धडे शिकतं. आपल्याला जे वाटतं त्यावर आपण विश्वास ठेवायचा नाही, हा एक. आणि टोकाला गेल्याशिवाय इथे कुणी ऐकत नाही, हा दुसरा. स्वभाव आणि घर वर्षानुवर्षं एकमेकांना चिथवत राहतात. आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा या मांडणीचा हेतू नाही, पण आपल्या घरांना तिच्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

आता प्रत्यक्ष थेरपीत काय चालतं ते जवळून पाहू. समजा, पुण्यात आयटीत नोकरी करणारी, पीजीवर राहणारी चोवीस वर्षांची मुलगी. मंगळवारी रात्री तिने स्वतःला इजा केली. गुरुवारी ती थेरपिस्टसमोर बसली आहे. तिच्याजवळ आठवडाभराचं डायरी कार्ड आहे. रोज कोणती भावना किती तीव्र होती, इजा करावीशी किती वाटली, कोणतं कौशल्य वापरून पाहिलं, हे त्यात आकड्यांनी भरायचं असतं. थेरपिस्ट कार्डावरून नजर फिरवतात आणि थेट मंगळवारवर येतात.

‘अचानकच झालं मॅडम.’

‘अचानक म्हणजे किती वाजता?’

‘साडेअकरा वाजले असतील.’

‘आणि अकराला तू काय करत होतीस?’

असं मागे-मागे जात साखळी उलगडते. साडेनऊला तिने मित्राला मेसेज केला होता. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने तो ऑनलाइन दिसला. ‘तेव्हा डोक्यात नेमकं कोणतं वाक्य आलं?’ ‘त्याला माझा कंटाळा आलाय.’ ‘अंगात काय जाणवलं?’ छाती आवळल्यासारखी झाली. तिने एकामागून एक मेसेज टाकले, मग फोन केला, तो त्याने कापला. मेसेजेस परत वाचताना स्वतःची शरम वाटली. राग केव्हाच मागे पडला होता, उरली होती ती शरम, आणि तिनेच पुढचं घडवलं. नंतर काही मिनिटं डोकं शांत झालं. मग मित्र धावत आला आणि रात्रभर थांबला. साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला आणखी काही निघतं: आदल्या रात्री तीन तास झोप, दुपारी डबा न खाता नुसता चहा.

या चौकशीत कुठेही ‘का केलंस असं?’ हा प्रश्न नाही. का म्हटलं की माणूस आधी बचाव करतो आणि मग माफी मागतो. काय, केव्हा, त्यानंतर काय, एवढंच विचारलं की प्रसंगाचे सांधे दिसतात, आणि प्रत्येक सांधा तोडता येण्याजोगा असतो. डबा खाल्ला असता तर? ‘त्याला कंटाळा आलाय’ हे वाक्य पडताळून पाहिलं असतं तर? शरम वाटल्यावर कुणाला फोन केला असता तर? मित्र धावत आला यात मुलीचा कावा नाही, मित्राचाही दोष नाही. पण टोक गाठलं की माणसं जवळ येतात हे तिच्या शरीराने पुन्हा एकदा शिकून घेतलं, हे थेरपिस्ट तिला न ओरडता आणि न लपवता सांगतात.

म्हणून डीबीटीत फोनचा नियम वेगळा आहे. दोन सेशनच्या मधे अडचण आली तर पेशंटने थेरपिस्टला फोन करायचा, तोही इजा करण्याआधी. फोन छोटा असतो: कोणतं कौशल्य वापरलंस, आता कोणतं वापरून पाहशील. इजा करून घेतली तर पुढचे 24 तास हा फोन बंद, अर्थात जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. वरवर निष्ठुर वाटणारा हा नियम वरच्या साखळीकडे पाहिलं की उमगतो. मदत आधी मागितली तर लगेच मिळते, हे शिकवायचं आहे.

आठवड्याचं दुसरं सत्र गटात, दोन-अडीच तासांचं, आणि ते अगदी वर्गासारखं चालतं. फळा, छापील कागद, मागच्या आठवड्याचा गृहपाठ. तिथे कुणी भूतकाळाच्या जखमा उघडून बसत नाही. विषय चार: सजगता, असह्य क्षण निभावून नेणं, भावनांचं नियमन आणि माणसांशी नीट वागून आपलं म्हणणं मांडणं. सगळा अभ्यासक्रम साधारण 24 आठवड्यांत पुरा होतो आणि बहुतेक ठिकाणी तो दोनदा गिरवतात, म्हणजे एक वर्ष.

यातलं असह्य क्षण निभावण्याचं प्रकरण मला सर्वांत व्यवहारी वाटतं. भावना शिगेला पोचलेली असताना माणसाला समजावून उपयोग नसतो, कारण विचार करणारी यंत्रणाच तेव्हा जागेवर नसते. म्हणून आधी शरीराला हात घालायचा. पातेल्यात गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून चेहरा डोळ्यांखालच्या भागासह त्यात बुडवायचा, अर्धा मिनिट. पाण्यात सूर मारणाऱ्या प्राण्यांत असते ती प्रतिक्षिप्त क्रिया आपल्यातही आहे. चेहऱ्याला गारवा लागला आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. त्याने प्रश्न सुटत नाही, पण पुढची दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि इजा करण्याची ऊर्मी बरेचदा तेवढ्यात ओसरू लागते. हृदयविकार असलेल्यांनी, ठोके कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी किंवा खाण्याचा विकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

भावनांच्या धड्यात ‘उलट कृती’ शिकवतात. भावना प्रसंगाला धरून नसेल तर ती जे करायला सांगते त्याच्या बरोबर उलट करायचं, आणि अर्धवट नव्हे, पुरतं करायचं. शरम तोंड लपवायला सांगते, तर मान वर करून मैत्रिणीला फोन करायचा. पण भावना प्रसंगाला धरून असेल, म्हणजे बॉस खरोखरच अन्याय करत असेल, तर उलट कृती करायची नसते, प्रश्न सोडवायचा असतो. हा फरक ओळखायला शिकणं हाच अर्धा अभ्यास.

सजगता लिनेहन यांनी झेन परंपरेतून घेतली. कॅलिफोर्नियातल्या शास्ता ॲबी या झेन मठात त्या राहिल्या, पुढे जर्मनीतले बेनेडिक्टाइन साधू आणि झेन गुरू विलिगिस येगर यांच्याकडे शिकल्या. मग त्यातला धर्म बाजूला ठेवून त्यांनी साध्या सूचना तयार केल्या: पाहा, शब्दांत मांडा, त्यात उतरा, निवाडा करू नका, एका वेळी एकच गोष्ट करा. आपल्याकडे हे वाचून कुणी म्हणेल, मग इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवलं की झालं. तसं नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ती शिबिरं सुचवली जात नाहीत, असं विपश्यना केंद्रंच सांगतात. दहा दिवसांचं मौन आणि मिनिटभराची सजगता यांत फरक आहे तो मात्रेचा, औषधात असतो तसा.

वैयक्तिक सत्र, फोन आणि वर्ग यांच्यानंतरचा डीबीटीचा चौथा भाग थेरपिस्टांसाठी. दर आठवड्याला त्यांचा आपसांतला गट बसतो. वारंवार जिवावर उठणाऱ्या माणसांबरोबर काम करताना थेरपिस्ट घाबरतात, चिडतात, कधी पेशंटला टाळू लागतात. गट त्यांना सावरतो आणि कानही धरतो. उपचार करणाऱ्यालाही उपचाराची गरज आहे हे पद्धतीतच लिहून ठेवणं मला डीबीटीचं सगळ्यात शहाणं कलम वाटतं.

पुरावा काय? 1991मध्ये लिनेहन यांची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. पेशंट सगळ्या स्त्रिया, उपचार एक वर्ष. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा डीबीटी घेणाऱ्यांनी स्वतःला कमी वेळा इजा केली. दर सहांतल्या पाच जणी वर्षभर टिकल्या. वर्षातले हॉस्पिटलातले दिवस सरासरी साडेआठच्या आसपास, तर दुसऱ्या गटात जवळजवळ 39. मात्र नैराश्य आणि निराशेच्या मोजपट्ट्यांवर दोन गटांत फरक दिसला नाही. वागणं आधी सावरलं, मन मागून येणार होतं. मग शंका निघाली की डीबीटीवाले थेरपिस्टच अधिक चांगले असतील. म्हणून 2006च्या चाचणीत 101 स्त्रियांपैकी साधारण अर्ध्या जणींना गावातल्या नामांकित तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन वर्षांत आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण तज्ज्ञांकडे 46 टक्के, डीबीटीत 23.

पण डीबीटी म्हणजे एकमेव मार्ग, असं सांगणाऱ्यांपासून सावध राहावं. 2009मध्ये टोरंटोच्या 180 पेशंटांच्या चाचणीत डीबीटी आणि नीट आखलेली, बॉर्डरलाइनची जाण असलेली मानसोपचार देखरेख यांचा वर्षभराचा परिणाम सारखाच निघाला. 2015मध्ये खुद्द लिनेहन यांनी डीबीटीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा स्वतःला इजा करणं कमी करण्यात कौशल्यांच्या वर्गाचा वाटा ठळक दिसला. एकूण अर्थ मला असा लागतो की या माणसांना सुसंगत, दीर्घ आणि न घाबरणारा उपचार लागतो, आणि शिकवणी लागतेच. औषधांचं म्हणाल तर खास बॉर्डरलाइनसाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. सोबतचं नैराश्य किंवा अतिचिंता यांवर औषधं देतात, आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

हा आजार जन्माचा, ही समजूतही चुकीची निघाली. हार्वर्डशी संलग्न मॅकलीन हॉस्पिटलात मेरी झनारिनी यांनी 1992पासून 290 बॉर्डरलाइन पेशंटांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत त्यांतल्या 93 टक्क्यांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. लक्षणं तर गेलीच, शिवाय नोकरी आणि नाती दोन्ही जमली, असे मात्र निम्मेच. लक्षणं जाणं आणि संसार उभा राहणं यांतलं अंतर अजून मोठं आहे.

आणि लिनेहन स्वतः? 1961मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात त्या दाखल होत्या. दोन वर्षांहून अधिक काळ. निदान स्किझोफ्रेनिया, उपचार जड औषधं आणि विजेचे झटके, मुक्काम बराच काळ एकांत खोलीत. या नरकातून बाहेर पडले तर परत येऊन इतरांना बाहेर काढीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी तिथेच केली होती. हे त्यांनी जगाला सांगितलं 2011मध्ये, त्याच संस्थेच्या सभागृहात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. पेशंट त्यांना विचारत, तुम्ही आमच्यातल्याच का, आणि त्या इतकी वर्षं उत्तर टाळत. संशोधन आधी संशोधन म्हणून तपासलं जावं, आत्मकथा म्हणून नव्हे, हा त्यांचा हिशोब मला पटतो.

महाराष्ट्रात अडचण आहे ती पोहोचण्याची. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे घराघरांत गेली. डीबीटीला अजून तेवढं बोट धरणारं मिळालेलं नाही. वर्षभर आठवड्याला दोन सत्रं आणि मागे थेरपिस्टांचा गट, हा मामला खर्चिक आहे आणि मोठ्या शहरांतही सहज मिळत नाही. त्यामुळे पाटीवर ‘डीबीटी’ वाचून जाण्याआधी चार प्रश्न विचारा. कौशल्यांचा वर्ग वेगळा चालतो का? डायरी कार्ड भरून घेता का? दोन सत्रांच्या मधे फोन करता येतो का? तुमचा स्वतःचा गट बसतो का? चारही उत्तरं नकारार्थी असली तर तो उपचार चांगला असूही शकेल, पण तो डीबीटी नव्हे. किशोरवयीन मुलांसाठीच्या डीबीटीत आईवडीलही वर्गात बसतात. आपल्याकडे बरीच मुलं लग्नापर्यंत घरीच असतात, तेव्हा तशी सोय असेल तर ती आधी मागावी.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरं हॉस्पिटल गाठायला उशीर करतात. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी सरकारची आहे. जुन्या दंडसंहितेतलं 309 कलम, ज्याने असा प्रयत्न गुन्हा ठरत असे, जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात उरलेलं नाही. तेव्हा उशीर करू नका. घरात कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल किंवा ती व्यक्ती तुम्ही स्वतः असाल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.